पुदिना जाणवतो का?

…आणि पाणी उकळू द्यायचं नाही म्हणे! आता मला सांगा, पाणी उकळू द्यायचंच नाही तर गॅस पेटवायचा कशाला, शेजारी उभं राहून गप्पा मारायला? भांड्याच्या तळाशी बारीक बारीक बुडबुडे दिसायला लागले की लगेच उतरवायचं, म्हणजे त्या पाण्याला नुसती आशा लावायची आणि ऐन वेळी खाली घ्यायचं, मग ते त्या पानांवर ओतायचं, वर झाकण, आणि मग थांबायचं… नुसतं थांबायचं!

अहो काकू, डोळे उघडू नका! हो, तुम्हीच, निळ्या स्वेटरच्या काकू. आत्ताच थेंब घातलेत तुमच्या डोळ्यांत आणि तुम्ही बघताय काय? दोन्ही डोळे मिटा, मान मागे भिंतीला टेकवा. आणि साहेब, तुम्ही काकूंपासून जरा अंतर ठेवून बसा. नाही नाही, गर्दी नाहीये, पण बसा. कारण आहे, सांगतो नंतर.

तुम्हाला सांगतो, या दवाखान्यात माझं काम एवढंच. डॉक्टर आत असतात, मी बाहेर. आधी पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची, मग डोळ्यांत थेंब घालायचे, मग या बाकावर ओळीनं बसवायचं आणि बाहुली मोठी होईपर्यंत कोणाला डोळे उघडू द्यायचे नाहीत. दिवसभर इतकी माणसं समोर बसतात, पण माझ्याकडे बघत कोणी नाही. बघायला लागली की मीच ओरडतो, मिटा म्हणून!

तर तो चहा. पांढरा चहा, पुदिना घातलेला. नाव पांढरा, तुम्हाला वाटेल भरपूर दूध असेल. दूध नाही! साखर नाही! रंग? कप विसळताना शेवटी तळाला जे पाणी उरतं ना, तो रंग. कोवळ्या कळ्यांचा असतो म्हणे, उमलायच्या आधीच खुडलेल्या, त्यावर पांढरी लव. डबा उघडून बघितलं तर मला वाटलं कोणीतरी खिडकीची फट झाडून त्यात भरलीय, आणि मधेमधे वाळक्या पुदिन्याचा चुरा. आणि फोनवर विचारते कशी, “काय रे बारक्या, पुदिना जाणवतो का?”

विचारते म्हणजे ताई. माझी ताई. आणि बारक्या म्हणजे मी. हसू नका! छप्पन्नाव्या वर्षी, टक्कल पडलेल्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि ते आता दुसऱ्या गावाला राहतं.

आम्ही दोघं भावंडं, दोघांनी लग्न केलं नाही. म्हणजे ठरवून वगैरे नाही हो. आधी तिचं जमेना, मग ‘आधी ताईचं होऊ दे’ म्हणून माझं राहिलं, मग आईचं आजारपण निघालं, आणि मग एके दिवशी दोघांच्याही लक्षात आलं की आता कोणी विचारतच नाही. ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारींच्या खिडकीवर. नळाला पाणी का नाही म्हणून गाव तिच्यावर ओरडायचं आणि ती गावावर ओरडायची. घरी आली तरी आवाज तोच! आणि चहा कसा, तर आवाजासारखाच. पाणी, दूध, साखर, पत्ती, ठेचलेलं आलं, सगळं एकदम एका भांड्यात, खाली मोठा गॅस, आणि ही निघाली दारात. दूधवाल्याशी वाद, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या बाईशी ‘तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या खिडकीत येतं’ म्हणून. आणि तिथूनच आरोळी, “बारक्या, गॅस!”

म्हणजे ओट्याशी उभं राहून चहा उतू जाऊ द्यायचा नाही, ही माझी नेमणूक. लहानपणापासूनची! परीक्षा असो, ताप असो, दाढीचा अर्धा साबण गालावर असो, “बारक्या, गॅस!” आलं की मी ओट्यापाशी. तो चहा वर वर चढायला लागायचा, मी गॅस कमी करायचो, तो खाली बसायचा, मी जरा इकडे बघितलं की परत वर. त्या चहाला माणूस लागायचा हो! हा पांढरा तर काय, मी घर सोडून गेलो तरी त्याचं काही अडत नाही. झाकणाखाली आपला शहाण्यासारखा बसलेला असतो. आणि मी? मी त्याच्यासमोर खुर्चीत बसतो, फ्रिजची घरघर ऐकतो, वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली की कोण आलं असेल त्याचा विचार करतो, आणि थांबतो… नुसतं थांबायचं!

आता तुम्ही म्हणाल, ताई गेली कुठे? अहो, लग्न करून गेली! साठी उलटल्यावर! आणि कुठे जमलं? याच बाकावर! साहेब, म्हणून म्हटलं अंतर ठेवा!

झालं काय, तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. मी म्हटलं, चल आमच्या दवाखान्यात. आणली, इथे बसवली, आणि तुम्हाला सांगतो, या माझ्या हातांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. शेजारी एक उंच गृहस्थ बसलेले, त्यांच्याही डोळ्यांत मीच घातले. निवृत्त पोहण्याचे शिक्षक. म्हणजे आयुष्यभर तलावाच्या काठावर कोरड्या कपड्यांत उभं राहून पाण्यातल्या लोकांना “श्वास सोडा, श्वास सोडा” म्हणायचं, हा धंदा. ताईनं सवयीप्रमाणे मिटल्या डोळ्यांनीच भांडण सुरू केलं, पंखा कोणी बंद केला म्हणून. आणि ते इतक्या शांतपणे म्हणाले, “बाई, श्वास सोडा.” आणि तिनं सोडला! आमच्या घरात तिला ‘हळू बोल’ म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती, आणि इथे तिनं श्वास सोडला! मग दोघं बोलत बसले, डोळे मिटून, एकमेकांना न बघता. मधे एकदा ती बघायला जात होती तर मीच ओरडलो, “ताई, डोळे उघडू नकोस!” मूर्ख माणूस मी! उघडू द्यायला हवे होते. बघितले असते त्यांचे ते सुपासारखे कान, तर विचार बदलला असता कदाचित.

चेष्टा करतोय हो. माणूस सोन्यासारखा आहे. भावजी म्हणतो मी त्यांना. लग्नाच्या नोंदणीकचेरीत जाऊन सह्या केल्या, मी साक्षीदार, आणि दुसऱ्या दिवशी ताई दोन बॅगा घेऊन त्यांच्या गावी. बसच्या खिडकीतून मला काय म्हणाली माहितीये? “बारक्या, गॅस बंद केलास का?” मी म्हटलं, केला. बस गेली. घरी आलो आणि खरंच जाऊन बघितला.

तर हा चहा भावजींचा. आयुष्यभर हेच पितात. ताई गेल्यावर पहिल्याच महिन्यात पार्सल आलं, डबा, आणि मग रविवारी फोन. “अरे, हे रोज पितात, मीही पिते आता, तुझ्या पित्ताला चांगला.” ‘हे’ म्हणते! साठी उलटल्यावर ‘हे’! मी म्हटलं बरं. पुढच्या रविवारी फोन, “प्यायलास का? कसा होता?” आता एवढ्या लांबून डबा पाठवलाय, पोस्टाच्या रांगेत उभी राहिली असेल, तिथल्या खिडकीवरच्या माणसाशी भांडलीही असेल, आणि मी काय म्हणू, कप विसळलेलं पाणी आहे म्हणून? मी म्हणालो, “अप्रतिम!” मोठ्यानं म्हणालो.

आणि इथेच, तुम्हाला सांगतो, माझं मलाच हसू आलं. कारण मोठ्यानं बोलणारा माणूस मी बरोबर ओळखतो. अहो, धंदाच आहे! समोर पाटी, खालची ओळ. ज्याला दिसतं तो आपला हळूच वाचतो. ज्याला दिसत नाही, तो मान पुढे काढतो आणि खणखणीत आवाजात ठोकून देतो! मघाशी साहेबांनीही तेच केलं की. केलंत, साहेब, केलंत, मी काही म्हणालो का? मी आपला म्हणतो, “अंदाज नको. घाई नाही. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं.” लोकांना त्याची फार लाज वाटते. आणि मी स्वतः काय करत होतो? दर रविवारी फोनवर, “पुदिना जाणवतो का?” “वा! स्पष्ट!”

झालं, डबे सुरू! एक संपायच्या आत दुसरा. ओट्यावरच्या फळीवर मी ओळीनं लावून ठेवलेत, साखरेच्या डब्याला जागा राहिली नाही. तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं होतं ना, आवडत नाही म्हणून. सांगितलं असतं हो! पण मग रविवारी बोलायचं काय? एका घरात राहणारी माणसं बोलतात कुठे? ‘टॉवेल वाळत घाल’, ‘दाराला कडी लाव’, ‘माझा चष्मा कुठेय’, ‘तुझ्या डोक्यावर आहे’. असं बोलण्यात आमचं सगळं आयुष्य गेलं, आणि चांगलं गेलं. आता तिचा टॉवेल तिथे, माझा इथे. फोनवर काय सांगणार, कडी लावली म्हणून? या चहानं विषय दिला आम्हाला. पाणी किती तापवलंस, किती वेळ झाकलंस, पुदिना आधी लागतो की मागून येतो… अर्धा अर्धा तास! मी तर शनिवारीच काय सांगायचं ते ठरवून ठेवायचो. एकदा म्हणालो, मागाहून जिभेवर गारवा राहतो. तिला इतका आनंद झाला! भावजींना हाक मारून सांगितलं, “अहो, बारक्याला गारवा कळला!”

आणि म्हणून प्यायचो. फेकून देता आला असता, कोण बघतंय? पण खोटं बोलायचं तर निदान पिऊन बोलावं. रोज संध्याकाळी दवाखान्यातून गेलो की बुटांच्या नाड्या सोडायच्या आधी पाणी ठेवायचं, उकळू द्यायचं नाही, ओतायचं, झाकायचं, आणि थांबायचं… नुसतं थांबायचं! मला करमत नाही हो. एवढंच आहे. चहाला उगाच नावं ठेवतो मी.

काकू, झोंबतंय का? होईल कमी. कापूस देऊ? घ्या. डोळा चोळू नका, नुसता टिपा.

तर गेल्या महिन्यात ताई आली. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू, आणि डॉक्टर हेच हवेत म्हणाली. भावजींना गुडघ्यामुळे प्रवास होत नाही, एकटीच आली. मी आदल्या दिवसापासून घर पुसतोय. तिची खोली, तिची उशी, न्हाणीत तिच्या टॉवेलसाठी खिळा मोकळा केला. आणि ती आत आल्या आल्या मी म्हटलं, बस, आता बघ. ठेवलं पाणी. बारीक बुडबुडे, उतरवलं. ओतलं. झाकलं. दोघं समोरासमोर बसलो. नवे कप काढले होते मी, पातळ कडांचे. आणि थांबलो. पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी ते थांबणं कुठल्या कुठे गेलं, कळलंच नाही.

तिनं कप उचलला, एक घोट घेतला, मान पुढे काढली आणि म्हणाली, “वा! काय सुरेख!” मोठ्यानं!

मी तिच्याकडे बघत राहिलो. अहो, ही माझी बहीण. पण तिच्या आवाजाच्या आधी मला त्या पुढे काढलेल्या मानेनं सांगितलं. मी खुर्ची सरकवून बसलो, इथे बसतो तसा, आणि विचारलं, “ताई, पुदिना जाणवतो का?”

“म्हणजे काय! स्पष्ट!”

“घाई नाही. परत एक घोट घे. आता?”

“आता… आहे की.”

“मघाशी बरा होता की आता?”

“बारक्या, मी काय पाटी वाचतेय का?”

“अंदाज नको, ताई. जाणवत नसेल तर जाणवत नाही म्हणायचं.”

तिनं कप खाली ठेवला. बशीत नीट मधोमध ठेवला. दाराकडे बघितलं, जसे काही भावजी तिथे उभे आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा, तक्रारखिडकीवरच्या त्या बाईनं हळू आवाजात मला विचारलं, “बारक्या, घरात दूध आहे का?”

होतं! आणलं होतं हो मी. का आणलं होतं मला विचारू नका.

मग काय! तेच जुनं भांडं, सगळं एकदम, मोठा गॅस. वरच्या मजल्यावरच्या कुंडीतून पाणी टपकलं, खिडकीत थेंब वाजला, आणि ताई निघाली तरातरा दारात, “अजून तेच का तुमचं?” आणि तिथून आरोळी, “बारक्या, गॅस!” मी ओट्याशी उभा. चहा वर चढायला लागला. आणि माझं लक्ष कुठे, तर दारात. ती कमरेवर हात ठेवून भांडतेय, पदर खांद्यावरून घसरलाय, तिकडून वरची बाई म्हणतेय, “अय्या, आलात का तुम्ही, किती दिवसांनी!” आणि इकडे चहा उतू! ओट्यावर, बर्नरवर, माझ्या चपलेवर. इतक्या वर्षांच्या नेमणुकीत पहिल्यांदा!

तिनं फडकं आणलं. ओरडली नाही. पुसता पुसता म्हणाली, “यांना सांगू नकोस हं. यांना वाटतं मला फार आवडतो.” मी म्हटलं, “मग मला कशाला पाठवत होतीस इतका?” तर म्हणे, “तुला आवडत होता ना. अप्रतिम म्हणालास. गारवा कळला म्हणालास. मला नाही रे कळला गारवा कधी. पण संध्याकाळी यांच्यासमोर तो कप घेऊन बसले की वाटायचं, आत्ता बारक्याही तिकडे पाणी ओतून थांबला असेल. तेवढाच एकत्र चहा.” आणि फडकं पिळायला लागली.

अर्धा अर्धा कप उरला होता, तो प्यायलो दोघं, उभ्यानंच. असा चहा मी परत प्यायलो नाही.

डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, राहिली, गेली. बसच्या खिडकीतून फळीवरच्या डब्यांबद्दल म्हणाली, “वाटून टाक कोणाला.” आता सगळं खरं झालं होतं ना आमच्यात. मला वाटलं, बरं झालं, सुटलो!

आणि मग रविवार आला. फोन वाजला. “काय रे?” “काय गं?” “डोळा बरा आहे.” “थेंब घालतेस ना?” “घालते.” … “जेवलास?” “हो. तू?” “हो.” … “बरं.” “बरं.” “मग ठेवू?” “ठेव.” झालं! भिंतीवरच्या घड्याळात काटा हलला नव्हता! त्याच्या पुढच्या रविवारी तिनं फोन केला तेव्हा भावजींना काहीतरी हवं होतं, “नंतर करते” म्हणाली. नंतर मी फोन हातात घेऊन ओट्यापाशी बसलो. नाही आला. का यावा? विचारण्यासारखं काय उरलं होतं? अहो, खरं बोललो आणि बोलायचंच राहिलं काही नाही! हे कोणी सांगत नाही बघा आधी.

म्हणून काल मी उठलो. फळीवरचे सगळे डबे, न उघडलेले, ओळीनं, माझ्याकडे बघतायत. आणि मी फोन लावला. म्हटलं, “ताई, चहा संपला.”

तिनं ती फळी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. नव्या डोळ्यांनी! मला वाटलं, आता म्हणेल, खोटारड्या.

श्वास सोडल्याचा आवाज आला. आणि मग, तुम्हाला सांगतो, फोन कानापासून लांब धरावा लागला इतक्या मोठ्यानं, “संपला? एवढ्यात? थांब, उद्याच पाठवते! यावेळचा चांगला लागला का रे? पुदिना जाणवला?”

“स्पष्ट!”

“आधी लागतो की मागून येतो?”

“मागून, ताई. मागून येतो.”

अर्धा तास बोललो. तर आता परत डबा येणार, आणि फळीवर जागा नाही, म्हणून आजपासून मी हा थर्मास इकडे आणायला लागलो… काकू, हात पुढे करा. डोळे नाही, हात! हा कप. साहेब, तुम्हीही घ्या. सांभाळून, काकूंच्या कपाला धक्का लागेल, तुम्ही परत सरकलात वाटतं तिकडे? असू दे. बसा. घ्या घोट.

काय म्हणालात काकू? छान आहे?

जरा मोठ्यानं म्हणालात.

असू दे, असू दे. डोळे मिटा. थांबायचं आता… नुसतं थांबायचं!